हत्तींच्या नंतर

शेटे बाई आपण होऊन कधीही दाराकडे पाठ करून बसल्या नाहीत. आमच्या शाळेच्या शिक्षक-खोलीत एकच खुर्ची अशी होती की तिच्यावरून दार, खिडकी आणि मुख्याध्यापकांच्या खोलीचा पडदा ही तिन्ही ठिकाणं दिसत. खुर्ची एका पायानं लंगडी होती आणि पंख्याचा वारा तिच्यापर्यंत पोचत नसे. तरी निवृत्त होईपर्यंत बाईंनी ती सोडली नाही. शिपाई सूचनांची वही घेऊन आत आला की आम्ही बाकीचे कपाळाला आठ्या घालायचो. बाईंचा मात्र रंग उतरायचा. वही पहिल्याच टेबलावर असताना त्या हळूच विचारायच्या, "माझं नाव हाय का त्यात?" वहीत बहुतेक वेळा वृक्षारोपण असायचं.

भित्री माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, आरशातलं एक धरून. आम्ही भीती लपवतो. कुणी ओरडून लपवतं, कुणी विनोद करून. बाईंना लपवण्याची कला अवगत नव्हती. मोटारसायकल दारात थांबली की त्यांच्या हातातला चहा हलायचा. कुणी भेटायला आलं तर "या, बसा" म्हणायच्या आधी त्या "काय झालं?" म्हणायच्या. त्यांच्या खोलीत दारामागच्या खुंटीला एक कापडी पिशवी कायम भरलेली असे. तिच्यात एक लुगडं, टॉवेल, दातवणाची डबी आणि चष्म्याचं घर. मी एकदा विचारलं, कुठं जायचं ठरलंय का. म्हणाल्या, "न्हाय सर. पण कुणी जा म्हणलं तर शोधाशोध नको."

गावाचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तर पुढच्या जयंतीला कमिटी मला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावील. तेरहून येडशीकडे येताना तेरणेच्या काठानं जी गावं लागतात त्यातलंच एक समजा. बाई त्याच गावच्या लेक. आमच्याकडे इतिहास शिकवायच्या आणि सनावळ्या फारशा शिकवत नसत, हा त्यांच्यावर कायमचा आक्षेप होता. तहाचा धडा आला की फळ्यावर यादी लिहून घ्यायच्या. तहात काय काय दिलं? पोरं पुस्तकातून वाचून सांगायची: किल्ले, घोडे, हत्ती, आणि राजकन्येचा विवाह. मग बाई विचारायच्या, "लेक कितव्या नंबरला आली?"

"हत्तींच्या नंतर, बाई."

"हत्तीला भ्या वाटलं असंल का, नव्या गावाला जाताना?"

वर्ग हसायचा. बाई हसायच्या नाहीत. हत्तीचा माहूत हत्तीबरोबर गेला असेल, त्यामुळे त्याला निदान एक ओळखीचा आवाज होता, असं त्या म्हणायच्या. पोरीबरोबर फार तर एक दाई गेली असेल. नवं गाव, नवी भाषा, जेवणाला वेगळी चव. आणि सगळ्यात वाईट म्हणजे माहेराकडून आलेला घोडेस्वार. बापानं तह पाळला की मोडला, याची बातमी घेऊन तो येणार. "राजवाड्यात घोड्याचं खूर वाजलं की पहिलं काळीज कुणाचं हलत असंल? राजाचं न्हाय." हे पुस्तकात कुठं आहे, असं एका तपासणी अधिकाऱ्यानं विचारलं होतं. बाई घामाघूम झाल्या. "न्हाय साहेब, पुस्तकात न्हाय," एवढंच म्हणाल्या, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तसंच शिकवलं.

हे त्यांना कसं ठाऊक, ते मला बऱ्याच वर्षांनी कळलं. परीक्षेच्या कामासाठी आम्ही धाराशिवला गेलो होतो आणि परतीची एसटी आली नव्हती. स्टँडवरच्या सिमेंटच्या बाकावर, अर्थात दोन्ही फलाट दिसतील अशा जागी, बाईंनी एरवी कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. त्यांचं लग्न सोळाव्या वर्षी साटंलोटं करून झालं. म्हणजे यांची लेक त्यांच्याकडे आणि त्यांची लेक यांच्याकडे. दोन घरांत हद्दीपलीकडच्या जमिनीवरून जुनं भांडण होतं, ते मिटवायला हा तोडगा. बाई कानडी मुलखात गेल्या आणि तिकडची सुगला त्यांच्या भावाची बायको होऊन इकडं आली. एकाच मांडवात दोन्ही लग्नं लागली, खर्च अर्धा झाला आणि दोन्ही बापांनी एकमेकांना मिठ्या मारल्या.

"मी काय तिकडं सून न्हवते सर," बाई म्हणाल्या. "जामीन हुते."

इकडं सुगलाला कुणी बोललं की आठ दिवसांत ते पत्रातून तिकडं पोचायचं आणि बाईंच्या ताटात उतरायचं. भाऊ तापट होता. त्यानं एकदा बायकोवर हात टाकला. पत्र पोचलं त्या दिवशी बाईंना कडब्याच्या खोलीत कोंडलं, दोन दिवस. खोलीला खिडकी नव्हती. पोस्टमनची सायकल गल्लीत वाजली की त्यांचा घास तोंडातच थांबायचा, कारण आपण काय केलं हे त्यांना ठाऊक असायचं आणि शिक्षा मात्र भावानं काय केलं त्याची असायची. सूचनांच्या वहीचं कोडं मला त्या बाकावर सुटलं.

पुढं नवऱ्यानं दुसरी केली आणि बाईंना परत पाठवलं. साटंलोट्याचा नियम सरळ आहे: एक परत आली की दुसरीनंही जायचं. भावानं बैलगाडी जुंपली होती. सुगलाच्या कडेवर तेव्हा बसवराज होता, जेमतेम वर्षाचा. मूल इथं ठेवायचं आणि हिनं जायचं, असं ठरलं. बाई दारात आडव्या झाल्या. ही त्यांच्या आयुष्यातली पहिली धिटाई. माझ्या माहितीप्रमाणे एकूण दोन झाल्या, दुसरी पुढं येईल. सुगला राहिली. बाई शिकल्या, शिक्षिका झाल्या, आणि भावाच्या घराच्या पुढच्या खोलीत राहू लागल्या. कानडी त्यांना येत होतीच. "भ्यात शिकलेली भाषा इसरत न्हाय," असं त्या म्हणायच्या.

या कानडीनंच पुढं घोटाळा केला.

गावाबाहेर लिंबाखाली एक दगड होता, त्याला लेकीचा दगड म्हणत. गावची कुठलीही मुलगी लग्न होऊन निघाली की गाडीत बसायच्या आधी या दगडापाशी जायची, पळीभर तेल ओतायची, शेंदराचं बोट लावायची आणि मागं न बघता निघायची. का, हे कुणालाच माहीत नव्हतं. ओतलं नाही तर काय होतं, हे मात्र सगळ्यांना माहीत होतं आणि प्रत्येकाचं वेगळं होतं. पिढ्यान्‌पिढ्यांच्या तेलाशेंदरानं दगडावर वीतभर थर चढला होता. त्यात उभी बाई आणि तिच्या हातात काहीतरी लांब, एवढंच दिसायचं. गाव म्हणायचं तलवार.

एका उन्हाळ्यात तो थर आपोआप सुटला. देवानं खोळ टाकली की गावात आधी घबराट आणि मग कमिटी होते. आमच्याकडे दोन्ही एकाच दिवशी झालं. थराखाली बाईची आकृती निघाली आणि तिच्या पायाशी पाच ओळी अक्षरं. लिपी जुनी कानडी. कमिटीचा सचिव म्हणजे बाईंचा भाचा बसवराज, आता चाळिशी ओलांडलेला, पंचायत समितीकडे डोळा लावून बसलेला. त्यानं दगडाला दोरी बांधली. मंत्री येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही, असा फलक लावला आणि गावाला एक वीरांगना सापडल्याचं जाहीर केलं. घोड्यावर बसलेल्या पुतळ्याची ऑर्डर अक्षरं वाचायच्या आधीच गेली. आपल्याकडे बहुधा हाच क्रम असतो.

अक्षरं बाईंना वाचायची होती. आणि बाईंना बसवराजची भीती वाटत होती, कारण घर आता त्याचं होतं. आठ दिवस त्या दगडाला लांबून प्रदक्षिणा घालत होत्या. मग एका टळटळीत दुपारी, गाव झोपलेलं असताना, माझ्याकडे आल्या. ओला कागद दगडावर चिकटवायचा, ब्रशनं ठोकून अक्षरांच्या खळग्यांत बसवायचा, वर शाईचा बोळा फिरवायचा, की अक्षरं पांढरी उमटतात. बाईंनी ते धाराशिवच्या एका प्राध्यापकाकडून शिकून घेतलं होतं. माझं काम बादली धरण्याचं. दूर कुठं मोटार वाजली की ब्रश थांबायचा. कागद वाळेपर्यंत आम्ही लिंबाच्या बुंध्याआड उभे होतो आणि बाईंचे दात वाजत होते. मे महिन्यात.

बाईंनी केलेलं वाचन प्राध्यापकांनी बरोबर ठरवलं. जिथं राजांची नावं असणार तिथं दोन्हीकडे कपचे उडालेले. तिचं नाव तर कोरलेलंच नव्हतं. उरलं होतं ते एवढंच: अमक्याची लेक, तमक्याची राणी, दोन्ही सैन्यं माघारी फिरली त्या वर्षी दिलेली, तिनं बापाच्या या गावी देवळातल्या दिव्यासाठी तेल दिलं. चंद्रसूर्य आहेत तोवर इथं अंधार पडू नये. आकृतीच्या हातात तलवार नव्हती. लांब दांड्याची दिवटी होती.

बाईंनी तो ठसा मांडीवर घेतला. "पुण्य मिळावं, असं न्हाय लिवलं सर. युद्धात जय मिळावा, असंबी न्हाय. नुसतं अंधार नको." मग म्हणाल्या, "परक्या घरात अंधाराला भिणारी पोर. आपण तिथं भितोय तर निदान माघारी आपल्या गावात तरी दिवा असू द्या, असं वाटलं असंल." हे इतिहासात बसत नाही, हे मला कळत होतं आणि त्यांनाही. पण दिव्याचं देऊळ कधीच पडलं होतं, दिवा विझला होता, आणि तरी गावच्या लेकी तेल आणत राहिल्या होत्या.

बसवराजला कळलंच. त्यानं आरडाओरडा केला नाही. केला असता तर बरं झालं असतं. तो संध्याकाळी आत्याच्या खोलीत आला, एक टाइप केलेला कागद पुढं ठेवला आणि पेन उघडून दिलं. कागदावर होतं की राजकन्येनं तलवार घेऊन शत्रूचं सैन्य तेरणेकाठी अडवलं. खाली जागा: इतिहासतज्ज्ञ, सही. "आत्या," तो म्हणाला, "तुम्ही आमच्या घरात ऱ्हाता. घराची इज्जत बघा." बाईंनी सही केली. दुसऱ्या दिवशी मला हे सांगताना त्यांनी मान वर केली नाही. "म्या सही केली सर. हात आपसुक गेला."

त्याहून वाईट बातमी गवंड्यानं दिली. पुतळ्याच्या चौथऱ्यात एक खोबण ठेवली होती. मंत्रिमहोदय चांदीच्या थापीनं सिमेंट लावून तो दगड तिच्यात कायमचा बसवणार होते, अक्षरं आतल्या बाजूला करून. दगडाची पाठ गुळगुळीत होती ना. तिच्यावर कमिटीची नावं कोरायची होती.

सोहळ्याच्या दिवशी मांडव, दोन जनरेटर, आणि राजकन्येपेक्षा बसवराज मोठा दिसेल असे फलक. पुतळा भगव्या कापडात, पण तलवारीचं टोक कापडाबाहेर आलेलं. बाईंना व्यासपीठावर तिसऱ्या रांगेत खुर्ची दिली होती, मांडवाच्या दाराकडे पाठ करून. मी खाली होतो. त्यांच्या मांडीवर मला एक ओळखीची वस्तू दिसली. खुंटीवरची कापडी पिशवी. लोकांना वाटलं, भाषणाचे कागद असतील.

मंत्री तीन तास उशिरा म्हणजे वेळेवरच निघाले होते. तेवढ्यात गावातलं एक लग्न उरकलं आणि नवरीला घेऊन बायका तेल ओतायला आल्या. गाडी रस्त्यावर उभी. बिल्ले लावलेल्या कार्यकर्त्यांनी त्यांना दोरीपाशी अडवलं: साहेबांच्या आधी कुणी नाही. नवरीची आजी म्हणाली, साहेबाचं लगीन हाय का आज? एक जण हसला, पण दोरी काही खाली झाली नाही. नवरी अठरा-एकोणीस वर्षांची, हातात पळी धरून उभी. तेल सांडू नये म्हणून तिनं पळीखाली दुसरा तळहात धरला होता.

बाई ते पाहत होत्या. मग त्या उठल्या. व्यासपीठाच्या पायऱ्या उतरताना त्यांनी कठड्याला दोन्ही हातांनी धरलं होतं, पिशवी कोपराला लोंबत होती. बसवराज माइकवरून "आत्या, बसा," असं दोनदा म्हणाला. त्या दोरीखालून वाकून गेल्या, दगडापाशी खाली बसल्या आणि नवरीचा हात धरून अक्षरांवर ठेवला. मी जवळ गेलो होतो म्हणून मला ऐकू आलं. आवाज इतका कापत होता की शब्द सुटे सुटे पडत होते.

"हितं लिवलंय बघ. ही कुणाची तरी लेक. लांब दिली. तिनं तेल दिलं, अंधार पडू नये म्हणून. तेच तुमी घालताव आजवर." मग मागच्या बायकांकडे वळून, जवळजवळ रडत: "आज हे सिमिटात जाणार. अक्षरं आत. भाईर नावं येणार. तवा उद्यापासनं तेल कुठं घालायचं, ते तेवढं इचारून घ्या."

बस्स. इतिहास, तलवार, खरंखोटं यातलं त्या काहीच बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर कमिटीजवळ उत्तरं तयार होती. तेल कुठं घालायचं, याला नव्हतं. आजी दगडाशेजारी मांडी घालून बसली. मग दुसरी बसली. मांडवातल्या बायका उठून आल्या आणि त्याही बसल्या. कार्यकर्ते बायकांना हात लावू शकत नव्हते, त्यातल्या निम्म्या त्यांच्याच घरच्या होत्या.

मंत्री आले. ते मुरलेले गृहस्थ. दगडाभोवती पन्नास बायका बसलेल्या पाहून त्यांनी चांदीची थापी शेजारच्याला दिली, पळी मागून घेतली, तेल ओतलं, फोटो झाला. ही आपली थोर परंपरा आहे आणि ती उघड्यावरच शोभते, असं भाषणात म्हणाले. पुतळ्याचं अनावरण झालं. तो आजही आहे, तलवारीसकट, आणि त्याच्या खोबणीत चिमण्या राहतात. दगड लिंबाखालीच राहिला.

बाईंना मी घरापर्यंत सोडायला गेलो. "आता तो काय करंल सर?" हे त्यांनी वाटेत चार वेळा विचारलं. मला उत्तर माहीत होतं आणि त्यांनाही.

बसवराज आधीच ओसरीवर येऊन उभा होता. आवाज न चढवता म्हणाला, "आत्या, तुमची सोय दुसरीकडं बघा. उद्यापर्यंत."

बाईंनी मान हलवली. पिशवी भरलेलीच होती, शोधाशोध करायची नव्हती. त्या ओसरीच्या पायरीवर बसल्या, आणि त्यांच्या तोंडावर जे दिसलं ते मी पुन्हा पाहू इच्छित नाही. साठी उलटलेल्या बाईच्या जागी एक सोळा वर्षांची मुलगी बसली होती आणि गल्लीत सायकल वाजली होती.

आतून सुगलाबाई आल्या. पिठाचे हात तसेच. उभ्या जन्मात मी त्यांना चार वाक्यांच्या वर बोलताना ऐकलं नव्हतं. त्यांनी मुलाकडे पाहिलं नाही. माघारी फिरल्या, आपलं एक लुगडं घेऊन आल्या आणि खाली बसून नणंदेच्या पिशवीत ते कोंबू लागल्या. पिशवी लहान होती. मावेना.

"अव्वा, तू काय करायलीस?" बसवराज म्हणाला.

"साटंलोटं हाय आमचं," सुगलाबाई म्हणाल्या. "एक गेली की दुसरी जाती. तवा अक्कानं नियम मोडला, म्हणून तुला आई ऱ्हायली. आता न्हाय मोडायचा. अक्का, जरा टॉवेल काढ बघू, जागा हुईल."

बसवराजनं चपला घातल्या आणि तो मंत्र्यांच्या जेवणाच्या पंगतीला निघून गेला. त्या विषयावर तो पुन्हा कधी बोलला नाही. पिशवी परत खुंटीला गेली. पण आता ती थोडी फुगलेली दिसायची, कारण दुसरं लुगडं कुणी काढलं नाही.

बाई धीट झाल्या असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. मोटारसायकल थांबली की त्यांचा चहा शेवटपर्यंत हलत होता. बसवराज घरात खोकला तरी त्या उभ्या राहायच्या. आता त्यांना जाऊन दीड वर्ष झालं.

शेवटचं पाहिलं ते लिंबाखाली. मी येडशीहून रिक्षानं येत होतो, उन्हं उतरत होती. एक नवरी तेल ओतून झाल्यावर दगडापासून हलतच नव्हती. गाडीवाला हॉर्न वाजवत होता. बाई तिचं कोपर धरून उभ्या होत्या आणि तिच्या कानाशी काहीतरी बोलत होत्या. मुलीनं नाक पुसलं, मान हलवली आणि ती गाडीकडे गेली. नियमाप्रमाणे मागं बघायचं नसतं. ती बघत बघत गेली.

मी रिक्षा थांबवून विचारलं, काय सांगितलंत.

"काही न्हाय," बाई म्हणाल्या. गाडी वळणाआड जाईपर्यंत त्यांची नजर रस्त्यावर होती आणि एक हात मागं, दगडावर. "भ्या वाटतंय म्हणली. म्हणलं वाटू दे. हिलाबी वाटत हुतं."